ताईला लागलेला भाऊजींचा रंग

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय आणि यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या महिन्याची बारा तारीख. रविवार, दुपारचे तीन. जागा, माझ्या घरातली कामाची खोली.

मी फोटो जोडून देतो. जुन्या फोटोतला माणूस नव्यात बसवायचा. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरच सगळं करतो. माणूस कापणं सोपं असतं हो, रंग जुळवताना नाकी नऊ येतात.

ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. भाऊजींना जाऊन दोन झालेली.

"आमचा दोघांचा एक फोटो करून दे," ताई म्हणाली. "आणि यांना जरा माणसात आण. शेवटी फार उतरले होते रे."

भाऊजींचा शेवटचा फोटो दवाखान्यातला. चेहरा राखाडी, ओठ निळसर. ताईचा आदल्या दिवशीचा, खिडकीतल्या उन्हातला. गाल लालसर.

एका फोटोचा रंग दुसऱ्याला देता येतो. ताईचा भाऊजींना द्यायचा होता. जेवून सुस्ती आली होती. मी उलटं केलं. भाऊजींचा ताईला दिला.

नवशिकाही करणार नाही अशी चूक.

ताई राखाडी झाली. मला हसू आलं. मी केलेलं रद्द केलं.

पण... रंग गेला नाही.

तिचा मूळ फोटो उघडला.

तोही... राखाडी.

तेवढ्यात मागे कोणीतरी खोकलं. सुका खोकला, लागोपाठ दोनदा. भाऊजींचा. घरात सगळ्यांच्या ओळखीचा.

वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं.

फोन वाजला. ताईचा.

"अरे, एकदम गार वाटायला लागलंय मला. उन्हात बसलेय तरी."

मी तसाच तिच्या घरी गेलो. तिचे ओठ... निळसर होते.

तपासण्या झाल्या. रिपोर्टमध्ये काही नाही. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आहे.

मी रोज फाईल उघडतो. ताईच्या गालांवरचा लाल वाढवतो, सेव्ह करतो. सकाळी पाहावं तर तो लाल... भाऊजींच्या गालांवर. जिवंतपणीही ते इतके तजेलदार दिसले नव्हते. मला त्यांचा राग येतो, मग स्वतःचीच लाज वाटते. माणूस खरंच भला होता.

काल ताईने विचारलं, "फोटो झाला का रे?"

"रंग जुळत नाहीये."

"यांचा आला ना नीट?"

मी हो म्हणालो.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

बायको म्हणते, "ती फाईलच उडवून टाका ना एकदाची."

आज सकाळपासून चारदा हात डिलीटच्या बटणापर्यंत नेला. पण त्या फाईलमध्ये माझी ताईही आहे.