पेंडीचं गिऱ्हाईक

"पेंड मिळेल का हो?"

दिशाने घाण्यावरून मान वर केली. अंधेरीला चार बंगल्याच्या बाजारात तिचं लाकडी घाण्याचं दुकान. शेंगदाण्याचं तेल न्यायला माणसं लांबून यायची, पण तेल निघाल्यावर उरलेल्या पेंडीकडे कुणी ढुंकून बघत नसे. ती जायची जोगेश्वरीच्या तबेल्यात. आणि समोरचा हा तरुण – इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड – तबेलेवाला मुळीच दिसत नव्हता.

"म्हैस पाळलीये का?"

"मासे पाळलेत."

"काचेच्या पेटीतले?"

"नाही हो. रोहू, कटला. मढला... स्विमिंग पूलमध्ये."

दिशा खो-खो हसली. तोही हसला, आणि त्याच्या हनुवटीला खळी पडली. ती तिने नीट बघून ठेवली. गिऱ्हाईक ओळखायला नको?

त्याचं नाव शौनक. खाडीपलीकडे मढला त्याच्या काकांचा बंगला होता, पूर्वी शूटिंगला भाड्याने जाणारा. हल्ली तिकडे कुणी फिरकेना, पूल कोरडा पडला. शौनकने त्यात विहिरीचं पाणी भरलं आणि मासे सोडले. विकतचं खाद्य परवडेना, म्हणून पेंड आणि भाताचा कोंडा.

मग तो दर शनिवारी यायला लागला. पेंडीची गोणी खांद्यावर टाकायचा आणि वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडे जायचा. पुढे बुधवारीही यायला लागला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"मालवणी ना तू? माझे मासे बघितलेस की तुला आधी कालवणातली तिरफळं आठवतील."

"तू पेंड घाल. तिरफळांचं मी बघते."

"डेंजर आहेस हां!"

गल्ल्यावर बसलेली दिशाची आई, मालनताई, हे सगळं कान देऊन ऐकायची आणि वर पेपर धरायची.

दिशाला मात्र एकच घोर लागला होता. मासे मोठे होतील, विकले जातील. मग हा कशाला येतोय इथे? पेंडीवर टिकलेली ओळख पेंडीबरोबरच संपायची! ती रात्रंदिवस माशांचंच वाचू लागली. पेंड भिजवायची, कोंड्यात मळायची, गोळे करून टोपलीत ठेवून पाण्यात सोडायचे, उरलेलं काढून टाकायचं. सगळं तोंडपाठ झालं. आणि एक दिवस वाचता वाचता ती थबकली – गारवा पडला की मासे कमी खातात.

मुंबईत थोडीफार थंडी पडली होती. शौनकच्या गोण्या मात्र वाढतच चालल्या होत्या.

'ही पेंड जाते कुठे?' दिशाच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर विकतो की काय हा? की आणखी कुणासाठी नेतो? रविवारी सकाळीच ती बोटीत बसली.

बंगल्याच्या फाटकातून ती आत शिरली आणि जागीच उभी राहिली. पुलाचं पाणी मुगाच्या कढणासारखं दाट झालं होतं. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते... मिटत होते. काठावर शौनक बसला होता, चेहरा पांढराफटक.

"दिशा! तू... हे बघ ना, काय झालं यांना?"

"श्वास कोंडलाय त्यांचा. ऊठ, विहिरीचा पंप लाव!"

तिने सलवार वर खोचली आणि पाईप धरून पाण्याचा फवारा सोडला. त्याने तळातला गाळ ओढायला दुसरा पाईप लावला. काळा, आंबूस वासाचा पेंडीचा चिखल भसाभसा बाहेर येऊ लागला.

"अरे, सगळी पेंड यातच ओतलीस?"

"ठेवून बुरशी आली असती."

"मग एवढी घेतलीस कशाला?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "एकदा घेतली की आठवडाभर पुरायची गं. मग मधेच यायला निमित्त कुठलं? शनिवार फार लांब असतो..."

दिशाने तोंड फिरवलं. चार मासे उलटे झाले होते, आणि आपण हसतोय हे तिला बरं दिसेना.

ऊन चढेपर्यंत दोघं राबली. पाणी निवळलं. एकेक मासा शेपटी हलवत खाली गेला, तसा शौनकच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"आता थोडे दिवस उपास यांना," दिशा म्हणाली. "नंतरही मूठमूठच घालायची. माझ्याकडून तुला पेंड बंद."

"म्हणजे... मी दुकानात यायचं नाही?"

"असं कोण म्हणालं?"

"तुझ्या आईने विचारलं, कशाला आलास, तर?"

"दिशाला भेटायला आलो म्हणायचं."

"असं... सरळ?"

"सरळ. आडून बोललेलं आईला कळत नाही."

"आणि तुला?"

"मला कळतं," दिशा म्हणाली. "फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं बाकी आहे."

शौनकने एकदा पुलाकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. कुठूनच मदत येईना.

"आवडतेस मला," तो म्हणाला. "फार. यांना मारण्याइतकी."

"वेडा आहेस."

"आहे ना. मग?"

पाईप धरायच्या निमित्ताने त्याने हात पुढे केला, आणि तिने आपला हात त्याला धरू दिला. पाईप कधीच सुटला होता. विहिरीचं पाणी काकांच्या अंगणभर खुशाल हिंडत होतं, आणि त्याला आवरायची घाई दोघांनाही नव्हती.