माळ्यापाशी ठेवलेली पिशवी

“फोनवर नको, बाई. तुम्ही इकडेच या.”

एवढं बोलून बागेतल्या माळ्याने फोन ठेवला. वकीलबाईंना त्याचं काही वाटलं नाही. आठवडाभर सगळं शहर असंच बोलत होतं. पोलीस ठाण्यातल्या प्रत्येक फोनवरचं बोलणं कित्येक वर्षं गुपचूप रेकॉर्ड होत आलंय, असं छापून आलं आणि लोक फोनवर जेमतेम “बरं” म्हणू लागले.

माळ्याची खोली बागेच्या कोपऱ्यात होती. खताची पोती फाडलेली, कुंड्या उलथ्या, गादी उसवलेली. छाटून ठेवलेल्या गुलाबाच्या फांद्यांचा भारा कुणीतरी हातांनी उपसून टाकला होता.

“काय गेलं, माळीदादा?”

“काही नाही. आहे काय माझ्याकडे? खुरपं नि कात्री. दोन्ही जागेवर.”

“पोलिसांना कळवलंत?”

“नको. ते आधी माझाच आवाज भरून घेतील. तुम्ही रोज फिरायला येता, म्हणून तुम्हाला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही.”

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीपलीकडे गॅरेज होतं. त्याला कुलूप होतं, कारण तिथला मेकॅनिक कोठडीत होता आणि त्याचं वकीलपत्र बाईंकडे होतं.

प्रकरण असं. रस्ता झाडणाऱ्या एका मावशीला पहाटे जीपने उडवलं. मावशी जागीच गेली. जीप पोलिसांची. इन्स्पेक्टर म्हणत होता की ब्रेक तपासायला जीप आदल्या दिवशीच गॅरेजात दिली होती, मेकॅनिकने ती मजेत फिरवली. मेकॅनिक म्हणत होता, सकाळी आलो तर ती दारात उभी, किल्ली आतच. उद्या त्याला कोर्टात उभं करायचं होतं. इन्स्पेक्टरच्या शब्दापुढे त्याचा शब्द टिकणार नव्हता, हे बाईंना कळत होतं आणि त्याच्या आईलाही.

बाई ठाण्यात गेल्या. खिडकीशी झुंबड होती. एक गृहस्थ आपल्या बोलण्यावर नेमकं कोण हसलं ते विचारत होते. एका बाईंना सासूची टेप हवी होती, स्वतःची नको होती. लोक चिडलेले होते, पण बहुतेक जण आपापल्या बोलण्यापुरते. कोठडीतल्या माणसाचं वकिलाशी फोनवर झालेलं बोलणंही ऐकलं जात होतं, याबद्दल त्या गर्दीत कुणी अवाक्षर काढत नव्हतं. भिंतीवर कागद लावला होता: यंत्र बंद केले आहे.

मेकॅनिक गजांशी आला. अजून ऑइल नखांत होतं.

“परवा आईला फोन केलास ना?” बाईंनी विचारलं. “काय बोललास, शब्दन् शब्द सांग.”

“एवढंच. आई, पिशवी माळ्यापाशी ठेवलीय, हात लावू नकोस, वकीलबाई आल्या की त्यांना दे.”

“पिशवीत काय आहे?”

“जीपमध्ये सापडलं ते. ब्रेक बघ असा ठाण्यातून निरोप आला, म्हणून मी खाली वाकून बघितलं. ब्रेक ठणठणीत होता. ब्रेकच्या पेडलखाली चप्पल अडकली होती. पुरुषाची, डाव्या पायाची, भारी चामड्याची. ह्यांना दिली असती तर गायब झाली असती.”

बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. तो ऐकून पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मग, कोठडीत आल्यापासून पहिल्यांदाच, हसला.

तिथून बाई त्याच्या आईकडे गेल्या. एका खोलीचा संसार, कोपऱ्यात शिडी. आईने चहा केला, डोळे पुसले, आणि इन्स्पेक्टर पोराला न्यायला आला तेव्हा पोराला पलंगावरून उठवताना त्या इन्स्पेक्टरचंच कपाळ वर आपटून कसं फुटलं, तेही सांगितलं. तेवढं सांगताना तिला थोडं बरं वाटलं. बाई निघाल्या तेव्हा त्यांची झोळी जड झाली होती.

आता प्रश्न एकच होता. यंत्र बंद आहे म्हणतात. मग पोराचं बोलणं ऐकून माळ्याकडे गेलं कोण?

बाईंच्या लहानपणी गावातल्या एक्सचेंजवर एक आत्या बसायच्या. त्या ऐकतात हे सगळ्यांना माहीत होतं. बोलणं वाढलं की मध्येच म्हणायच्या, आटपा आता, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. कुणाच्या घरी आजारपण आहे असं कानावर पडलं, तर संध्याकाळी स्वतः चौकशीला जायच्या. ऐकणाऱ्याला चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला लाज होती. आता यंत्राला चेहरा नव्हता आणि ज्यांना होता ते तो झाकून बसले होते.

बाई परत ठाण्यात गेल्या. इन्स्पेक्टरच्या कपाळावर पट्टी होती. त्याने यंत्राची खोली उघडून दाखवली. यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“बंद आहे ना हे?”

“बंदच आहे. म्हणजे, बंद करण्याचा ठराव समितीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे.”

आत कानाला लावायची यंत्रं आणि तीन खुर्च्या. दोन लाकडी. तिसरीवर मखमली उशी, मधोमध दबलेली.

“इथे कोण बसतं?”

“पाहुणे,” इन्स्पेक्टर म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

खोली सांभाळणारा हवालदार जास्त मोकळा होता. उशीबद्दल त्याने तोंड उघडलं नाही, पण घरच्या अडचणी भरभरून सांगितल्या. सरकारी दोन खोल्या, माणसं सात, पोरं वर झोपतात, आम्ही खाली, कूस बदलली की वरून धूळ पडते.

उरले अध्यक्ष. पोलिसांवर नजर ठेवायला नागरिकांची देखरेख समिती होती, तिचे ते अध्यक्ष. बंगला ऐसपैस, छत इतकं उंच की बोललेलं घुमायचं. खिडकीबाहेर त्यांचा माणूस कुंपणाची झाडं कापत होता. अध्यक्षांच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

“असं यंत्र आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “मी त्या खोलीची पायरीसुद्धा चढलेलो नाही.”

“बोटांना काय झालं?”

“गुलाब. छाटणी मी स्वतः करतो.”

बाहेरचा माणूस कात्री थांबवून आत बघू लागला. मग पुन्हा कापू लागला.

“माझा मेकॅनिक एका पिशवीबद्दल सांगतो,” बाई म्हणाल्या. “म्हणे माळ्यापाशी ठेवलीय.”

“मग त्यालाच विचारा. बोलवा आणि दरडावा थोडं. ही माणसं दरडावल्याशिवाय बोलत नाहीत.”

बाईंनी आभार मानले.

संध्याकाळी लोकांना शांत करायला समितीने जाहीर सभा ठेवली होती. अध्यक्षांनी खेद व्यक्त केला, यंत्रणेला दोष दिला, टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या आल्या नाहीत. तेव्हा वकीलबाई उठल्या.

“यंत्र आजही चालू आहे,” त्या म्हणाल्या. “परवा कोठडीतून एका पोराने आईला फोन केला. ते ऐकून कुणीतरी बागेतल्या माळीदादांची खोली उचकटली. कारण पोरगा म्हणाला होता, पिशवी माळ्यापाशी ठेवलीय.”

“तुम्ही त्या माळ्याला विचारलंत?” अध्यक्ष म्हणाले.

“नाही. मी पोराला विचारलं, कुठला माळी? तर तो म्हणाला, माळी कुठून आणू? घरातला माळा.”

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. मग बऱ्याच जणांना कळलं.

“शिडीच्या वरच्या टोकाला, माळ्यापाशी, खिळ्याला पिशवी होती. इतके दिवस तिथेच. म्हणजे ज्याने ऐकलं, त्याने ‘माळ्यापाशी’ म्हटल्यावर माणूस धरला. आता ऐकू शकणारे किती? त्या खोलीत खुर्च्या तीन. इन्स्पेक्टरसाहेबांचं कपाळ त्याच माळ्यावर फुटलं. त्यांनी ऐकलं असतं, तर ते सरळ तिथे गेले असते आणि पिशवी आज माझ्या हातात नसती. हवालदाराची पोरं माळ्यावर झोपतात. त्यालाही बागेत जायचं कारण नव्हतं. राहिला तिसऱ्या खुर्चीवरचा पाहुणा. त्याला बसायला उशी लागते. त्याच्या घराला माळा नाही, पण दारात माळी आहे. आज दुपारी मी त्याला हेच वाक्य सांगितलं, तर म्हणाला, त्यालाच दरडावा. माळ्याला दरडावून काय होणार, अध्यक्षसाहेब? धूळ पडेल फार तर.”

“शब्दांचा खेळ आहे हा,” अध्यक्ष म्हणाले.

“बोटं दाखवा. माळीदादांच्या खोलीत गुलाबाच्या फांद्या उपसलेल्या होत्या. छाटणी तुम्ही करत नाही, हे तुमच्या माणसाने तोंड न उघडताही सांगितलं. पिशवीत काय होतं तेही सांगते. पोलिसांवर नजर ठेवायची तर ठेवायची, वर त्यांची जीपही फिरवायची. पहाटे पायातली चप्पल ब्रेकखाली अडकली, समोर मावशी झाडत होती, गाडी थांबली नाही. तुम्ही जीप गॅरेजच्या दारात सोडलीत, आणि ज्यांच्यावर तुमची नजर होती त्यांनी तुमच्याकडे डोळेझाक केली.”

बाईंनी झोळीतून चप्पल काढून टेबलावर ठेवली.

अध्यक्ष म्हणाले, अशा चपला हजारो मिळतात. ते खरंही होतं. पण पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. ती उठून जवळ आली, वाकून टाच बघितली.

“ही बाहेरून झिजलीय. तुमची अशीच झिजते,” ती हळूच म्हणाली. “उजवी घरी आहे. मला म्हणालात, डावी कुत्र्याने नेली.”

इन्स्पेक्टर दाराकडे सरकला होता. दारात लोक उभे होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने मेकॅनिकला सोडलं. त्याचं घड्याळ आणि पट्टा परत घ्यायला बाई त्याच्याबरोबर ठाण्यात गेल्या. नवा इन्स्पेक्टर अदबीने म्हणाला, आईला कळवायचं असेल तर फोन आहे.

पोराने फोन उचलला, कानाला लावला, आणि ठेवून दिला.

“चालतच जातो,” तो म्हणाला.

जाताना यंत्राच्या खोलीचं दार उघडं होतं. नवी समिती नेमली गेली होती आणि तिचे सभासद पाहणीला येणार होते. हवालदार तिसऱ्या खुर्चीवरची उशी झटकत होता.