हिरव्या ठिपक्याखाली

"त्रिवेणीताई, माझे ओठ कसेतरीच होतायत!"

कॉलनीतल्या छोट्या कुलदीपनं सूपचा वाडगा दुकानाच्या काउंटरवर आदळला. त्रिवेणीनं वळून पाहिलं. त्याचे ओठ पुरीसारखे टम्म फुगले होते आणि मानेवर लाल गांधी उठल्या होत्या!

"मामा! लवकर ये!"

प्रमोदमामा आतून आला. "अरे, उन्हातून आलाय. वर रस्त्यावरचं काहीबाही खाल्लं असेल," तो म्हणाला. पण त्रिवेणी आणि तिचा मित्र गौतम ऐकत बसले नाहीत. त्यांनी कुलदीपला दोन्हीकडून धरलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "मासे खाल्ले होतेस का?"

"नाही हो! मला मासे चालतच नाहीत. लहानपणापासून असंच होतं," कुलदीप बोबड्या आवाजात म्हणाला. "आज फक्त मिसो सूप प्यायलो."

"पण ते तर शाकाहारी आहे!" त्रिवेणी म्हणाली.

ती असं म्हणणारच. सुट्टी लागल्यापासून ती रोज तेच म्हणत होती. हिमायतनगरमधलं मामाचं जपानी किराण्याचं दुकान म्हणजे तिचा जीव की प्राण. नोरी नावाच्या शेवाळाचे काळे तलम कागद, तांदळाचा व्हिनेगर आणि सोयाबीन आंबवून केलेला खारट, उग्र वासाचा मिसो! गिऱ्हाईक आलं की ती गरम सूपचा कप पुढे करायची, "घ्या ना, एकदम शाकाहारी आहे." मामा तिला 'पार्टनर' म्हणायचा. भातात चिंचेसारखं आंबट लोणचं भरून त्रिकोणी ओनिगिरी कशी वळायची, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचं पाणी कसं काढायचं, सगळं त्यानंच तिला शिकवलं होतं.

कुलदीपला घरी सोडून दोघं जिन्यात बसले. त्रिवेणीच्या पिशवीत मामानं दिलेली मिसो सूपची एक पुडी होती. ती तिनं फोडली मात्र, कठड्यावरून 'बिर्याणी' धाडकन खाली आली! बिर्याणी म्हणजे इमारतीतली मांजर. पनीरकडे ढुंकूनही न पाहणारी ही महाराणी पुडीत तोंड खुपसून गुरगुरायला लागली.

"क्या की भई!" गौतमचे डोळे विस्फारले. "ही तर फक्त मासळीसाठी असं करते!"

त्रिवेणीनं पुडी हिसकावून घेतली. पुडीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. तिनं नखानं त्याची कडा खरवडली. ठिपका सुटून वर आला. खाली दुसरी खूण होती, तपकिरी त्रिकोण. मांसाहाराची!

"मामाला कुणीतरी फसवलंय," ती घाईघाईनं म्हणाली. "त्याला सांगायला हवं."

गौतम तिच्या मागोमाग जिना उतरला.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत शिरणार, तोच मामाचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

"शाकाहारी माल आलाच नाही, मग काय करू? चिमूटभर मासळीची पूड असते, कुणाला कळतंय! आणि काळजी सोड, आमची त्रिवेणी आहे ना. पोरीचा चेहराच असा भोळा आहे, ती बोलली की लोक डोळे झाकून पितात." मग तो हसला. शटरखालून त्रिवेणीला त्याचे हात दिसले. ते एकामागून एक पुड्यांवर हिरवे ठिपके चिकटवत होते.

ती मागे सरकली. कानात नुसती गरम वाफ भरल्यासारखं झालं. पार्टनर! पार्टनर म्हणजे हे?

"वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी आंटी ते सूप तीनदा प्यायल्या," गल्लीत आल्यावर ती म्हणाली. "त्या अंडंसुद्धा खात नाहीत, गौतम. नको म्हणत होत्या. मी आग्रह केला."

"रडू नक्को. उद्या हॉलमध्ये मामाचा सूप वाटायचा कार्यक्रम आहे. सगळी कॉलनी येणार!"

त्रिवेणीनं डोळे पुसले. "उद्या शनिवार आहे ना?"

"हौ. का?"

"मामा शनिवारी मासे खात नाही. मारुतीचा वार पाळतो. घरी चल, पातेलं काढ!"

शनिवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत कॉलनीचे अध्यक्ष एकनाथराव आजोबा काठी टेकून बसले होते. टेबलावर मोठं पातेलं वाफाळत होतं. मामानं नेहमीसारखा माइक पुढे केला. "आता आमची पार्टनर बोलेल!"

त्रिवेणीनं एक कप भरला.

"नमस्कार. आज पहिला कप मामाला!"

टाळ्या पडल्या. मामा मात्र मागे सरकला. "आधी पाहुण्यांना दे ना, वेडे."

"नाही, आधी तू."

"आज शनिवार आहे. माझा... उपवास."

"कसला उपवास?" आजोबा हसले. "दुपारी माझ्यासमोर पुरणपोळी हाणलीस की! शनिवारी तुला फक्त मांस-मासळी चालत नाही. घे, घे!"

सगळे हसले. त्रिवेणीनं कप त्याच्या ओठांजवळ नेला.

"नको म्हटलं ना! त्यात मासळी—"

मामाची जीभ अडखळली.

"यात मासळी नाहीये, मामा," त्रिवेणी म्हणाली. माइकमधून तिचा आवाज सगळीकडे गेला. "हे मी केलंय. कोंबूचं आणि सुक्या मशरूमचं पाणी, तू शिकवलंस तसं. तुझं पातेलं आम्ही बदललं. पण तुला माहीत होतं. रोज माहीत होतं!"

गौतमनं पुड्यांवरचे ठिपके सोलून त्या आजोबांच्या हातात दिल्या. कुलदीप उठून उभा राहिला. त्याचे ओठ अजून सुजलेलेच होते; त्याला काही बोलावंच लागलं नाही.

मग जो गलका झाला! मामाला सर्वांसमोर कबूल करावं लागलं. सगळ्या पुड्या परत मागवायच्या, दवाखान्याचा खर्च द्यायचा, असं आजोबांनी तिथल्या तिथे ठरवलं. "शाब्बास पोरांनो! आम्ही एवढे मोठे लोक, नुसता ठिपका बघून पीत राहिलो," असं म्हणून त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. सगळे टाळ्या वाजवत होते. त्रिवेणीला त्या ऐकू येत होत्या, पण आनंद काही होत नव्हता. मामा खुर्च्या आवरत होता. तिच्याकडे बघत नव्हता.

सकाळी ती एकटीच भाग्यलक्ष्मी आंटींच्या दारात उभी राहिली. आंटी गावाला जाऊन रात्रीच परतल्या होत्या. तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अय्यो!" आंटी मटकन खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी तिला बाळासारखं जवळ ओढलं. "खूप वाईट वाटलं, कन्ना. पण तुझा राग नाही. तू स्वतः सांगायला आलीस. एवढं धाडस मोठ्यांनाही होत नाही."

ती खाली उतरली, तर फाटकाशी मामा उभा. डोळे सुजलेले.

"चुकलो मी," तो म्हणाला. "माफ करशील?"

"माहीत नाही," ती खरं ते बोलली. "तू माझ्या तोंडून खोटं वदवलंस."

मामानं मान हलवली. मग म्हणाला, "अजून कुणाकडे जायचंय? मीही येऊ?"

त्रिवेणीनं समोरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. ते लोकही काल हॉलमध्ये नव्हते. "ये. पण बेल तू वाजव. आणि या वेळी तूच बोल."

ती एक पायरी मागे थांबली. मामानं घसा साफ केला आणि बेल दाबली.