देवाचा हेल्थ बार

देवाला हेल्थ बार द्यायचं ठरलं, तेव्हा लेखिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेममधला हा देव तिने दोन वर्षं खपून रचला होता. समुद्राच्या तळाशी पडून असलेला, माणूस नावाचं काही असतं हेही ठाऊक नसलेला. त्याची पुराणं तिची, त्याची स्तोत्रं तिची. आणि आता त्याच्या डोक्यावर जीव किती उरला ते दाखवणारी लाल पट्टी, गेममधल्या कुठल्याही लांडग्याला असते तशी.

"ज्याचा जीव मोजता येतो तो देव कसला?" तिने मीटिंगमध्ये सरळ विचारलं.

"लोकांना मारायला कुणीतरी हवं ना," मॅनेजर म्हणाला. विषय संपला.

सगळ्यात जास्त राग आला तो नवऱ्याचा. तो तिथेच टेस्टर होता आणि मीटिंगभर मूग गिळून बसला होता. वर देवाला मारून बघायचं काम त्यानेच मागून घेतलं.

पण पट्टी हलेना. तलवार लागत होती, रक्त उडत होतं, पट्टी भरलेलीच. नवरा हट्टाला पेटला. प्रोग्रामरनेही येऊन बघितलं.

"प्रत्येक घावाला वजाबाकी होतेय," तो म्हणाला. "कुठून होतेय तेवढं सापडत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं.

दुपारपर्यंत नवऱ्याचे ओठ पांढरे पडले होते. "पाणी पी," ती फणकाऱ्याने म्हणाली आणि बाटली ठेवायला वाकली. शेजारचा मॉनिटर बंद होता. त्याच्या काळ्या काचेत नवऱ्याच्या डोक्यावर एक बारीक लाल पट्टी दिसत होती. जवळजवळ रिकामी.

तिने वळून पाहिलं. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं.

त्याने घाव घातला. काचेतली पट्टी कणभर सरकली.

"थांब. बटण सोड."

"अजून त्या देवाचीच बाजू?"

"मरू दे तो देव. तू थांब."

"सकाळपासून तोंड फुगवून बसलीयस," तो हसला. "हा एकच घाव."

तिने त्याचं मनगट धरलं. तोवर बटण दाबलं गेलं होतं.

हात तिच्या मुठीत सैल पडला.

पडद्यावरचा योद्धा थांबला नाही. कुणी बटण न दाबता त्याने तलवार पुन्हा उचलली.

तिने काळ्या काचेत पाहिलं. तिच्या डोक्यावर पट्टी होती, काठोकाठ भरलेली.

मग थोडी कमी.