डोळसने सोडलेली जागा

दोन्ही यंत्रं एकदमच निघाली. एक दिवाणखान्यात शिरलं, दुसरं मधल्या खोलीत. दोन्हीकडे काळसर शहाबादी फरशीवर तांदळाची पिठी सारखीच भुरभुरलेली होती. आता ती कोण अधिक चांगली झाडून-पुसून घेतं, ते बघायचं होतं.

ही परीक्षा घेत होती उर्मिलाआत्या. पुण्यातल्या एका ग्राहक संस्थेत ती घरकामाची यंत्रं तपासायची. महागडे सफाईरोबो बाजारात आले, की ते सामानात बांधून ती कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या घरी जायची. या वेळी ती धुळ्याला, आपल्या भावाकडे आली होती.

"प्रयोगशाळेत सगळेच रोबो शहाणे असतात," ती म्हणाली होती. "आणि ज्या गावाच्या नावातच धूळ आहे, तिथे नाही तर कुठे परीक्षा घ्यायची?"

अकरा वर्षांच्या शाल्मलीने दोन्ही रोबोंना नावंही ठेवून टाकली होती. ज्याच्या डोक्यावर छोटासा घुमट होता तो घुमट्या, आणि ज्याच्या पुढच्या बाजूला कॅमेरा होता तो डोळस.

रोबो निघण्याआधी जरा गोंधळ झालाच होता. पिठी भुरभुरून झाली आणि शाल्मलीचा धाकटा भाऊ निहार रांगत रांगत मधल्या खोलीतल्या टेबलापाशी पोचला. त्याने टेबलक्लॉथ ओढला. वर ठेवलेला आत्याचा छोटा वजनकाटा धाडकन खाली आला आणि निहारने भोकाड पसरलं. आई धावत आली, त्याला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. आत्याने काटा उचलून पुन्हा टेबलावर ठेवला आणि रोबो सुरू केले.

घुमट्याने दिवाणखाना सरळ रेघांमध्ये बघता बघता उरकला. डोळसचं मात्र काही संपेना. तो थांबायचा, वळायचा, पुन्हा मागे यायचा.

"घुमट्याच हुशार आहे," शाल्मली म्हणाली. "डोळस नुसता घुटमळतोय."

"दोघांना दिसतं वेगवेगळं, म्हणून चालतातही वेगवेगळे," आत्या म्हणाली. "घुमट्याच्या डोक्यावरच्या डबीत लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारं यंत्र) आहे. विहिरीत डोकावून हाक मारली, की ती परत ऐकू येते ना? विहीर जितकी खोल, तितका वेळ जास्त. घुमट्या प्रकाशाचा झोत फेकतो आणि तो भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. गरागरा फिरत असं सगळीकडे मोजलं, की झाला खोलीचा नकाशा तयार."

"मग त्याला सगळंच दिसत असेल!"

"नाही. त्याचा झोत जातो त्याच्या डोक्याच्या उंचीवरून, अगदी आडवा. त्याच्याखाली जमिनीवर काय पडलंय, ते त्याला कळतच नाही. समोर येईल ते तो ओढून घेतो. डोळसचं उलटं आहे. तो जमीन न्याहाळतो. एखादी वस्तू दिसली, की ही काय असेल, असा अंदाज बांधतो. शंका आली, तर वीतभर अंतर राखून वळसा घालतो."

डोळस एकदाचा थांबला. आईने निहारला पुन्हा बाहेर आणून सोडलं. तो मधल्या खोलीत इकडे तिकडे रांगू लागला. आत्या घुमट्याच्या थाळीपाशी (काम संपलं की रोबो जिथे येऊन उभा राहतो, ती बैठक) बसून चाकं, ब्रश, पुसायचं फडकं असं सगळं तपासत होती. शाल्मली तिला एकेक वस्तू हातात देत होती. कुणाचंच लक्ष निहारकडे नव्हतं.

मग गोळा झालेल्या धुळीचं वजन करायची वेळ आली. आत्याने काट्याचं बटण दाबलं. काटा सुरू होईना. तिने पुन्हा दाबलं आणि काटा उलटा केला.

खालचं झाकण उघडं होतं. आत काहीच नव्हतं.

आत्याने काटा खाली ठेवला. मग तिने हाक मारली, "स्मिता! निहार कुठे आहे?"

"हा काय, माझ्यापाशी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "केळं भरवतेय, पण घेतच नाही. लाळ बघा ना किती गळतेय. दात येत असतील."

आत्या तीन ढांगांत स्वयंपाकघरात पोचली. निहार तोंड फिरवत होता. गिळताना त्याचा चेहरा कळवळल्यासारखा होत होता.

"केळं बाजूला ठेव. पाणीसुद्धा देऊ नकोस," आत्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण शाल्मलीला तो अनोळखी वाटला. "काट्यातला सेल सापडत नाहीये. चपटा, नाण्याएवढा. त्याने गिळला असेल, तर एक क्षणही घालवून चालणार नाही."

"अगं बाई!" आईने केळं बाजूला सारून निहारला उचललं. "उलटी करवू का?"

"मुळीच नको. सरळ हॉस्पिटल. क्ष-किरणाचा फोटो काढायला सांग. गाडी मी बोलावते."

विनाचालक गाडी (माणसाशिवाय आपली आपण चालणारी) फाटकाशी येऊन उभी राहिली. आई निहारला छातीशी धरून बसली. बाबा दूर समुद्रात, जहाजावर कामाला होते. शाल्मली गाडीकडे धावली, पण आत्याने तिचा हात धरला.

"तू माझ्याबरोबर थांब. आपण घर शोधू. डॉक्टरांना नक्की काय ते सांगता आलं पाहिजे."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

"आत्या, सेल पोटात गेला तर काय होतं?" शाल्मलीने विचारलं.

आत्याने तिच्यापासून लपवलं नाही. "पोटात गेला तर कधी कधी आपोआप बाहेर पडतो. भीती असते ती अन्ननलिकेत अडकण्याची. तिथे ओल असते. त्या ओलीतून सेलची वीज वाहू लागते आणि तिथल्या तिथे जळजळीत क्षार तयार होतो. त्याने आतलं मऊ कातडं भाजतं. फार वेळ लागत नाही त्याला."

शाल्मली लगेच फरशीवर नजर फिरवू लागली.

"आता डोकं चालवू," आत्या म्हणाली. "काटा पडला तेव्हा सेल घरंगळला. त्यानंतर खोल्यांतून फिरले कोण?"

"घुमट्या आणि डोळस."

"घुमट्याला जमिनीवरचा सेल दिसला असता?"

"नाही! त्याने गिळून टाकला असता!"

दोघी घुमट्याच्या थाळीकडे धावल्या. रोबो परत आला, की त्याने ओढलेली धूळ थाळीतल्या एका पिशवीत जमा होत असे. आत्याने ती फाडून जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. पिठी, केसांचा गुंता, तेलखडूचा तुकडा... आणि टक्क आवाज करत एक चकचकीत चकती बाहेर पडली.

"सापडला!" आत्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. लगेच आईला फोन लावला. "स्मिता, सेल घरातच आहे! रोबोच्या पोटात होता!"

पलीकडून आईच्या रडण्याचा आवाज आला. सुटका झाल्याचं रडणं होतं ते. "देव पावला हो, उर्मिलाताई. किती घाबरले होते मी. फिरते मी मागे."

फोन बंद झाला. आत्या भिंतीला टेकून खाली बसली. शाल्मलीला एकदम हसू फुटलं. हसत हसतच ती सेल पुन्हा बसवायला काटा घेऊन आली. तिने झाकणाच्या जागी बोट फिरवलं आणि तिचं हसू थांबलं.

खाचा दोन होत्या.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "यात दोन सेल लागतात."

आत्या ताडकन उठली. तिने काटा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझाच काटा, आणि मीच विसरले! फोन, फोन दे!"

फोन लागेना. आत्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. आत्याच्या फोनवर गाडीचा ठिपका नकाशात दिसत होता. पांझरा नदीच्या पुलावर तो थांबला होता आणि हळूहळू घराच्या दिशेने वळत होता.

"तू दुसरा सेल शोध, मी लावत राहते," आत्या म्हणाली. "दिवाणखान्यात नसणार, तिथला कानाकोपरा घुमट्याने घेतलाय. मधली खोली बघ!"

शाल्मलीने आधी डोळसच्या थाळीतली पिशवी फाडली. पिठी आणि केस, बस्स. मग ती मधल्या खोलीत पोटावर झोपून सरपटू लागली. कपाटाखाली काही नव्हतं. खुर्चीच्या पायांशी काही नव्हतं. फरशी स्वच्छ होती, पुसून लख्ख. मग ती टेबलाखाली शिरली.

टेबलाच्या आतल्या पायाशी पिठी तशीच होती. भोवतालची फरशी काळीभोर, आणि मधोमध ताटाएवढं एक पांढरं गोल. डोळसने ती जागा झाडली नव्हती, पुसलीही नव्हती.

एरवी शाल्मलीने त्याचे गुण कापले असते. आता तिच्या अंगावर काटा आला. डोळस का घुटमळतो, ते आत्याने मघाशीच सांगितलं होतं. तो उगाच जागा सोडत नाही. इथे काहीतरी होतं. त्याला ते दिसलं, म्हणून तो भोवताली फिरून निघून गेला. पण आता तर तिथे काहीच नव्हतं!

तिने मान आणखी खाली केली. पांढऱ्या गोलाच्या मध्यावर नाण्याएवढा एक ठसा होता. त्याच्या शेजारी पिठीत तीन-चार बारीक ओरखडे. इवल्याशा बोटांचे. आणि कडेला एका चिमुकल्या तळव्याची खूण.

"आत्या!" ती किंचाळली. "डोळस गेला तेव्हा सेल इथेच होता! नंतर निहारने उचललाय! त्याच्याकडे आहे तो, त्याच्याकडेच आहे!"

आत्याने वाकून एकदाच पाहिलं आणि ती कसलाही प्रश्न न विचारता उठली. "फोन लागत नाही. पण गाडी थेट उपग्रहाशी बोलते. तिच्यातून निरोप जाईल." तिने पटापट बोटं चालवली. "गाडी, ताबडतोब हॉस्पिटलकडे वळ!"

फोनमधून गाडीचा संथ आवाज आला. "प्रवाशाने घरी जाण्याची सूचना दिली आहे. प्रवाशाच्या संमतीशिवाय मार्ग बदलता येत नाही."

"मग प्रवाशाशी बोलू दे!"

"ध्वनी जोडत आहे."

घरघर झाली. त्यातून निहारची कुरकुर ऐकू आली. शाल्मलीने आत्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"आई! मागे फिरू नकोस! सेल दोन होते! दुसरा निहारने टेबलाखालून उचललाय, त्याच्या बोटांचे ठसे आहेत इथे!"

"नक्की का गं, शमू?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

शाल्मलीने आत्याकडे पाहिलं. आत्या फोनजवळ वाकली. "स्मिता, नक्की नसलं तरी जायचंच. फोटोत काही दिसलं नाही, तर आपण सगळे हसू. पण आत्ता जा."

"गाडी," आई म्हणाली, "हॉस्पिटल. लवकर."

नकाशावरचा ठिपका थबकला. मग सरळ पुलापलीकडे धावू लागला. शाल्मली आणि आत्या दुसऱ्या गाडीने निघाल्या. वाटभर दोघींची नजर नकाशावरच्या ठिपक्यावर होती.

त्या पोचल्या तेव्हा निहारला आत नेलं होतं. आई बाकावर बसली होती, रिकाम्या हातांनी. तिने शाल्मलीला जवळ ओढलं आणि सोडलंच नाही. भिंतीवरच्या पडद्यावर फोटो लागला होता. निहारच्या नाजूक बरगड्यांच्या वर, गळ्याच्या खाली एक पांढरी चकती होती, आणि तिच्या कडेला एकात एक अशी दोन वर्तुळं.

"नाण्याला अशी दुहेरी कड दिसत नाही," आत्या पुटपुटली. "सेलच आहे."

दार बंद होतं. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. शाल्मलीला वाटलं, घड्याळं बंद पडली असावीत. आईच्या पदराचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं, की बोटं दुखायला लागली.

अखेर दार उघडलं. डॉक्टर शिरसाठ बाहेर आल्या. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि आधी हसल्या, मग बोलल्या. "निघाला. थोडंसं भाजलंय, पण वरवर. दोन-तीन दिवस इथे ठेवू. तुम्ही घरी वळला असता, तर मात्र मी तुमच्याशी असं हसत बोलले नसते."

आई बाकावर बसल्या बसल्याच हमसाहमशी रडू लागली. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते.

संध्याकाळी निहार झोपला होता. डॉक्टर त्याला बघायला आल्या. आत्याने त्यांना पिठीतल्या गोलाची सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे रोबोने जे केलं नाही, त्यावरून हिने ओळखलं?" डॉक्टर म्हणाल्या.

"मग यातला चांगला रोबो कोणता, ते कसं ठरवणार, आत्या?" शाल्मलीने विचारलं.

"तूच सांग."

शाल्मली विचार करत म्हणाली, "घुमट्याला खोली कळते, पण खाली पडलेलं कळत नाही. डोळसला वस्तू कळते, पण तो ती तिथेच सोडून जातो, कुणाला सांगत नाही. त्याने नुसती हाक मारली असती, की इथे काहीतरी पडलंय, तर..."

"तर निहारच्या आधी आपण पोचलो असतो," आत्या म्हणाली. "हे मी दोन्ही कंपन्यांना लिहिणार आहे. रोबोने वळसा घातला, तर त्याने माणसाला सांगितलंच पाहिजे. तुझ्या नावाने लिहीन."

डॉक्टरांना गंमत वाटली. त्या शाल्मलीला घेऊन बाजूच्या खोलीत गेल्या. तिथे एक लांब, काळी, बोटाहून बारीक नळी टांगलेली होती. तिच्या टोकाला मोहरीएवढा दिवा होता.

"ही दुर्बीण (शरीराच्या आत डोकावणारी नळी)," त्या म्हणाल्या. "हिच्या टोकाला कॅमेरा आहे आणि छोटासा चिमटा. आणखी काही वर्षांनी असा इवलासा रोबो येईल, की नळीसुद्धा लागणार नाही. गोळीसारखा गिळला, की आत जाऊन अडकलेली वस्तू आपणच शोधून आणेल. विचार, तुला काय विचारायचंय ते."

शाल्मलीने त्या चिमुकल्या दिव्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "त्या रोबोला काय काय दिसणार नाही?"

"याचं उत्तर उभ्या उभ्या देता येणार नाही," डॉक्टर शिरसाठ म्हणाल्या. मग त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली, शाल्मलीला दिली, आणि स्वतःसाठी दुसरी घेतली.