सोनगीरच्या गोदामातला जोडीदार

पटणार नाही, ठाऊक आहे. पण माझ्या मावसभावाच्या, भूषणच्या घरात हे आजही चालू आहे.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. सोनगीरजवळचं मामांचं कापसाचं गोदाम, हंगाम संपल्यामुळे रिकामं.

नरडाण्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या भूषणला जपानी तलवारीचं नवंच वेड लागलं होतं. दर रविवारी धुळ्याला प्रेमराज सरांकडे शिकायला जायचा. गफूरचाचा सुतारांकडून बाभळीची लाकडी तलवारही करून घेतली होती.

सरांनी बजावलं होतं, "समोरासमोर वाकून नमस्कार केला की सराव सुरू. दोघांनी पुन्हा वाकलं की संपला. जोडीदार नसताना हा नमस्कार करायचा नाही."

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

भूषण रिकाम्या गोदामात वाकला. "या, शिकवा मला," म्हणाला आणि स्वतःशीच हसला.

पत्र्यावरचे पारवे एकदम गप्प झाले...

त्याने तलवार उचलली.

टक.

मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. समोर कोणी नव्हतं. लाकडावर मात्र ताजी खाच पडली होती.

तेवढ्यात त्याची बायको दिपमाला डबा घेऊन आली. "अहो, जेवाले चला ना," म्हणत सरळ मधूनच चालत आली.

समोरची हवा हलली... भूषणने तिच्या डोक्यावर तलवार आडवी धरली.

टक.

"काय वाजनं?" तिने विचारलं.

"दिपू, हालू नको."

सराव संपवायचा म्हणून तो घाईघाईने वाकला. नजर खाली गेली.

समोरचा वाकला नाही.

वर पाहिलं तर दिपमालाचा शेपटा जमिनीवर पडला होता. एका रेषेत कापलेला.

लाकडाने केस कापले जात नाहीत.

तेव्हापासून रोज, ऊन डोक्यावर आलं की घाव येतो. तिच्यावरच. भूषणने तिला जळगावला माहेरी नेलं. तिथेही आला. एकदा मामांनी काठी आडवी धरून पाहिली. घाव काठीतून आरपार गेला आणि दिपमालाचा खांदा फाटला. ज्याने नमस्कार केलाय, त्याच्याच लाकडावर तो थांबतो.

रोज दुपारी तलवार धरून तिच्याजवळ उभं राहावं लागतं, म्हणून भूषणची नोकरी सुटली. त्याने सरांचे पाय धरले, रडला. सर म्हणाले, "मी माझ्या शिष्यांना थांबवू शकतो. तू कोणाला बोलावलंस, ते मला माहीत नाही रे."

काल दुपारी दिपमालाचा फोन आला.

"भाऊ, आते यास्ना हात वर व्हत नही. तुम्ही या. चाचानी तुमनाकरता बी तलवार करी ठेवेल शे."

मागे आवाज आला...

टक.

मी बॅग भरून ठेवली आहे. सकाळी धुळ्याची एसटी आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही.

भूषणच्या जागी उभं राहायचं, तर आधी मलाही वाकावं लागणार.