कोणीतरी धरा ना याला

आमची मुलुंडची खोली तळमजल्याची, म्हणून मागे चार फरशांचं अंगण मिळालं. माघातली शुद्ध अष्टमी होती. दिवेलागणीला मी पायरीवर वाती वळत होते आणि नात स्वरदा तिच्या छोट्या दुर्बिणीला मोबाइल लावून चंद्राचे फोटो काढत होती. आठच्या आत शाळेला एक स्वच्छ फोटो पाठवायचा होता. निवडला गेला तर तीन दिवसांचं आकाश-शिबिर. त्या शिबिरापायी पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती.

मीही डोळा लावून पाहिलं. चंद्र कसला, जाळी पडलेलं घावन. त्या खळग्यांना ती विवरं म्हणते.

पण चंद्र थांबेना. नळी सोडली की मिनिटभरात सरकून बाहेर, धरली की सगळं थरथरतं. साडेसात झाले. रडकुंडीला येऊन ती म्हणाली, "कोणीतरी धरा ना याला."

माझ्या बोटातली वात तशीच राहिली. आमच्या गावी दिवेलागणीला नाव घेऊनच हाक मारतात. कोणीतरी म्हणायचं नाही. कोणीतरी येतं.

वारा पडला. नारळाची सोडणं खाडीत कुजत घालतात, तसला वास आला. मुलुंडात कुठली सोडणं?

"आजी... झकास. अशीच धर नळी."

मी बोलले असते तर तिचा हात हलला असता. तिने एकामागून एक बारा फोटो काढले.

"सोड आता आजी," म्हणत ती वळली. मी पायरीवरच होते, मांडीत कापूस.

"तू... नव्हतीस?"

"आधी फोटो पाठव गो."

फोटो निवडला गेला. मी कुंपणाच्या भिंतीवर गुळाचा खडा ठेवला. राबेल त्याला काहीतरी द्यावं.

फाल्गुनातल्या शुद्ध पंचमीला स्वरदा हसत शिबिराला गेली. दुर्बीण कपाटात. संध्याकाळी मी समाधानाने वाती वळत बसले, तोच तो वास. आणि अंगणातून दमलेला आवाज, एकदाच...

"आता सोडू काय गो?"

खरंच की. सोड म्हणाली ती मला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पण एका हाकेला आमच्यात ओ देत नाहीत; माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारतो. मी मान खाली घालून शंभर वाती वळल्या. मग वर पाहिलं. बसताना चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीला टेकला होता.

अजून तिथेच होता.